झाकणाला दुसरं भोक

बाहेर उणे चौतीस. मूस जॉमध्ये जानेवारीत
कुत्रंसुद्धा दाराशी येऊन आधी विचार करतं.
तळघरात फर्नेसला खेटून, माझ्या जुन्या कोटात गुंडाळलेली
तेवीस लिटरची पांढरी बादली,
आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर ओरेस्ट.

झाकण मोठं हट्टी.
एका बाजूनं उचकटावं तर दुसरीकडून बसतं,
आणि ओरेस्टचे अंगठे आता अडुसष्ट वर्षांचे,
त्यातली तीस मालगाड्यांच्या ब्रेकांवर गेलेली.
सुटलंच कधी, तर बादली हिंदकळते,
आणि तो त्याच्या आईच्या भाषेत एक शब्द बोलतो,
ज्याचा अर्थ एकेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलेला नाही.

"नुसतं माप घ्यायचं असतं गं व्हर्ना,
घनता किती उतरली, एवढंच.
तेवढ्यासाठी अख्खं छप्पर काढायचं?
हवा शिरते. हवेबरोबर काय काय शिरतं."

शनिवारी त्यानं जास्तीचं झाकण
माझ्या पाव मळायच्या फळीवर उलटं ठेवलं. न विचारता.
एअरलॉकच्या भोकापासून चार बोटं लांब
पेन्सिलीनं फुली मारली,
आणि ड्रिल असं हळू चालवलं
जसं बाळाच्या कानाशी कुणी कात्री चालवतं.
पांढरे, कुरळे कीस पिठात मिसळले.
मग पॉलिश पेपर, तासभर.
कडेला कुसळ राहता कामा नये,
कुसळात जंतू दडतात, म्हणे.
(फळीवरच्या किसाबद्दल काहीच म्हणे नाही.)

रबराची कडी मात्र झाकण बादलीवर चढवल्यावर बसवायला गेला.
बुळुक.
ती आत गेली.
पुन्हा तो शब्द.
दुसरी कडी आणेपर्यंत भोकावर चिकटपट्टी.
मग कडी, कडीत बूच, बुचाला मासे धरायचा दोरा,
हरवू नये म्हणून.

आता बूच काढायचं, लांब नळी सोडायची,
वर अंगठा दाबायचा, उचलायची.
दहा सेकंद. बादलीची झोपही मोडत नाही.
या नळीला बिअर करणारे चोर म्हणतात.
खरंच म्हणतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं
की आपण चोराच्या हाती किल्ल्या देतोय.

मंगळवारी घनता एक हजार तीस.
बुधवारी चोवीस. गुरुवारी सकाळी एकवीस,
गुरुवारी रात्री, खात्रीसाठी, एकवीसच.
मोजलेलं परत बादलीत ओतायचं नाही, हा नियम आहे,
आणि ओरेस्ट नियमाचा माणूस.
शेजारचा डेलबर्ट वीब
बर्फ ढकलायचं फावडं परत करायला आला
आणि आकड्यांबद्दल त्याचंही मत पडलं.
तो दुसऱ्या दिवशी तेच फावडं मागायला आला.

आकडा दहावर येऊन थांबला.
नऊ दिवस दहाच.
थांबला म्हणजे झाली, एवढं मलाही कळतं.
पण ज्याला दार सोपं झालं
त्याला वाट बघणं अवघड होतं.
ते हट्टी झाकण आमच्या घरातला
एकमेव धीर धरणारा प्राणी होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी सदुसष्ट बाटल्या
उकळून, पालथ्या घालून, रांगेत मांडल्या.
भरल्या एकोणीस.
तळाशी गाळ, आणि गाळात काळी, गोल, ती पहिली कडी.
ओरेस्ट वही घेऊन पायरीवर बसला.
बेरीज केली. पुन्हा केली.
डेलबर्टच्या खाती बराच मोठा आकडा टाकला.
तरी आठ लिटर कुठे बसेनात.

मी बाटल्यांची झाकणं ठोकत राहिले.
मला झोप कमी लागते.
फर्नेसशेजारी ऊब असते,
आणि नळी उचलताना अंगठ्याखाली
जो बारीकसा ओढा जाणवतो ना,
काहीतरी जिवंत वर येतंय असा,
तो एकदा कळला की...
असो.

काल दुसरी बादली लागली.
तेच झाकण, तेच बूच, नवा दोरा.
आज कपडे धुवायला खाली गेले,
तर भिंतीवर नवा खिळा.
जुन्याच्या शेजारी, थोडा खाली,
माझा हात पोचेल इतका.
दोन नळ्या लटकताहेत.
वरती तो मोठ्यानं रेडिओ ऐकतोय,
ऐकू येत नसल्यासारखा.