लो

राऊटरची तार उंदरानं कुरतडली होती.
लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, बॉइल हाइट्समधल्या बुटक्या घरात
मी पालथा पडून ती बदलत होतो,
आणि ओतिलियाबाई खुर्चीतून सांगत होत्या
की इंटरनेट सुरू झालं तेव्हा
त्या तिथंच होत्या, केर काढत.

असं सांगणारे बरेच भेटतात.
मी हूं म्हटलं.

विद्यापीठातली रात्रपाळी, एकोणसत्तरचा ऑक्टोबर.
माणसं चंद्रावरून परत येऊन तीन महिने झालेले,
बाईंच्या बुटाची टाच निघालेली.
खोलीत कपाटाएवढं करडं यंत्र,
वायरींच्या आसपास ओलं फडकं फिरवायचं नाही असा हुकूम,
आणि कानाशी फोन धरलेला एक पोरगेला माणूस
पलीकडं कुणाला तरी विचारत होता :
एल आला का?
आला.
ओ आला का?
आला.
त्यानं तिसरं अक्षर दाबलं
आणि साडेपाचशे किलोमीटरवरच्या यंत्रानं
मान टाकली.

बाईंना वाटलं, बिचारा अक्षरं गिरवतोय.
त्या स्वतःही त्याच महिन्यात
चर्चच्या तळघरात इंग्रजी मुळाक्षरांपाशी अडल्या होत्या,
त्यामुळे त्यांना त्याची दया आली.
फोन हातात असताना
अक्षरं एकेक करून कशाला पाठवायची,
हे मात्र अजून कोडं आहे.

तीच रात्र होती की दुसरी कुठली,
शपथेवर सांगणार नाहीत त्या.
एवढं आठवतं की घरी जाऊन
सकातेकासला, धाकट्या चोनाला पत्र लिहिलं :
इथं मोठी माणसंही माझ्यासारखीच शिकताहेत.
पत्राला तीन आठवडे लागायचे.
आई गेल्याचं पत्र इकडं पोचलं
तोवर तिकडं नऊ रात्रींच्या जपमाळा ओढून झाल्या होत्या.
(हे सांगताना त्या टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत होत्या.)

तार बसली. हिरवा दिवा लुकलुकला, थांबला.
आतल्या खोलीत नात यारेली ओरडली, आलं!
तिची नर्सिंगची परीक्षा अर्ध्यावर तुटली होती.

मग टोर्तियाच्या डब्याला टेकवलेल्या टॅबलेटवर चोना.
म्हणजे आधी चोनाचं कपाळ,
मग छत, मग कोंबडी,
मग एक गोळी, कॅमेऱ्याच्या इतकी जवळ
की नुसता पांढरा पडदा.
हीच का ती, रक्तदाबाची? की सकाळची वेगळी?
यारेलीनं आतूनच सांगितलं, हीच, पण अर्धी.
मग नोपालचा भाव, मग कुणाचं तरी लग्न,
मग हसताना चोनाचा चेहरा
ओठ उघडे ठेवून गोठला.

बाईंनी भिंतीवरचा जुना फोन काढला,
आकडे पाठ होते.
चित्र आलं का?
आलं. तुला?
तुझे दात आलेत फक्त.
आवाज?
आवाज हा काय, येतोय की.

आणि मी गुडघ्यांवरची धूळ झटकत उभा.
पन्नासहून जास्त वर्षं, समुद्राच्या तळाशी इतक्या केबली,
आणि कानाशी फोन धरून माणूस अजून तेच विचारतोय.

एल आणि ओ.
मला ते मराठीतच ऐकू येतं, इलाज नाही.
वडील पोस्टकार्ड अगदी कडेपर्यंत भरायचे,
जागा संपली की तळाशी, तिरपं :
क. लो. अ.
कळावे, लोभ असावा.
ती पहिली दोन अक्षरंही
त्याच वाटेवर कुठंतरी अडकली असतील,
असं मला उगीच वाटून गेलं.

बाईंनी फॉइलमध्ये चार तामाले बांधून दिले.
गाडीत बसून कंपनीचा फॉर्म भरला.
तक्रार : मिटली. कारण : उंदीर.
शेऱ्याच्या चौकटीत मी देवनागरीत तीन अक्षरं टाइप केली.
फॉर्मला ती वाचता आली नाहीत,
तीन रिकामे चौकोन उमटले.

तसेच पाठवले.