गुरुवारी मळलेलं पीठ

आपियाच्या बाजारामागे पेनितोआची भट्टी.
एकोणतीस डिसेंबर, दोन हजार अकरा, गुरुवार.
रात्री दहाला त्याने पीठ मळलं, नेहमीसारखं,
वर ओलं फडकं टाकलं
आणि दारातल्या उपड्या बादलीवर बसून राहिला.

बाराला घंटा झाल्या. चर्चमधून गाणं आलं,
कुणाची तरी मोटार हॉर्न वाजवत बंदराकडे गेली.
कॅलेंडरावर शुक्रवार होता, काळ्या शाईत छापलेला.
त्या बेटावर तो कुणीच जगलं नाही.
पाचला भट्टी पेटली तेव्हा शनिवार होता.
गुरुवारचं पीठ शनिवारी भाजलं,
आणि पाव शिळा नव्हता.

पेनितोआची तक्रार नव्हती.
मैद्यासाठी ऑकलंडला फोन करावा
तर इथल्या शुक्रवारी तिकडे शनिवार, दुकान बंद;
तिकडे सोमवार उजाडावा
तर इथे सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत प्रार्थनेला.
म्हाताऱ्या सिओने हिशेब सांगितला:
एकशे एकोणीस वर्षांपूर्वी इथल्या राजाने
चार जुलै दोनदा मोजला होता.
उसना वार. आज फेडला, बिनव्याजी.
आणि न केलेल्या शुक्रवारची मजुरी
कायद्याने हातात पडली, ती त्याने दोनदा मोजली.

अडली ती मासिना. तिचा वाढदिवस तीस तारखेचा.
"मग मी आठ वर्षांची झालेच नाही?"

बापाने कणकेचा गोळा घेतला,
भट्टीच्या तोंडासमोर हळूहळू फिरवला.
आच लागते तिथे दुपार,
पाठीकडे रात्र, कुशीला सकाळ.
सुरीने चोवीस रेघा पाडल्या, वाकड्यातिकड्या.
"आणि इथे, बघ, शेवटची फोड पहिलीला भेटते.
इथे तारीख बदलते."
"आपण सरकलो?"
"बेट तसूभर हललं नाही. रेघ वळसा घालून गेली.
पाण्यावरची रेघ ती, हवी तशी ओढता येते."
"कुणाला?"
पेनितोआने गोळा परत परातीत टाकला.

विमान एकोणीस जणांचं. तिथे माणसंही तोलतात;
केकच्या डब्यासकट मासिना सत्तावीस किलो भरली.
शनिवारी नऊला निघाले,
अर्ध्या तासात पांगो पांगोला उतरले तेव्हा
शुक्रवारचे साडेआठ वाजले होते.
तालोसांगा आत्या कारखान्यातून पाळी बदलून आलेली,
हाताला ट्यूना माशाचा वास, कानामागे लाल फूल.
"आली का उद्याची माणसं!
सांगा, उद्या काय झालं?"
"उद्या पाव छान फुगलाय," पेनितोआ म्हणाला.

माझ्या भाषेत एक शब्द आहे, परवा.
तो मागेही जातो, पुढेही;
क्रियापदापाशी पोचेपर्यंत कळत नाही कुठे निघालाय.
आम्ही त्याला निभावून नेतो.
पण त्या टेबलाशी 'आज' हाच शब्द
दोन खुर्च्यांवर बसला होता.
एकीवर बापाचं घड्याळ, तो काटा फिरवायला विसरलेला;
दुसरीवर आत्या, मेणबत्ती मोजत:
सहा, सात.
आठवी तिने मुद्दाम सावकाश लावली.

संध्याकाळच्या विमानाने परत. खाली समुद्र,
एकच, सलग. मासिना खिडकीला नाक लावून
रेघ शोधत होती. ढगाची सावली दिसली, एक बोट दिसली.
मग झोपली, गालाला साखर चिकटलेली,
आणि झोपेतच शनिवारात शिरली.

आता ती मोठी आहे, भट्टीचे हिशेब तीच बघते.
दर एकतीस डिसेंबरला, पहिला घाणा उतरला की
पलीकडे फोन लावते.
"आत्या, माझा वाढदिवस आहे का गं अजून तुझ्याकडे?"
"आहे ना.
फडक्याखाली झाकून ठेवलाय."