चौथा दिवस

जुलैत बाकीच्या देशानं दारं उघडली,
सलूनं, पब, बागेतले झोके.
लेस्टर मात्र आतच.
कौन्सिलनं नकाशा काढला
आणि त्यावरची जाड रेघ
नेमकी आमच्या रस्त्याच्या मधून गेली,
खड्ड्यावरून, मॅनहोलच्या झाकणावरून.
माझं घर आत.
समोर ग्लेनिसचं, बाहेर.

ग्लेनिस मला मॅंडी म्हणते.
मंदाकिनी हे नाव तिच्या जिभेवर
तीस वर्षांत बसलं नाही,
आणि आता मीही मॅंडीला ओ देते.
रेघ आली त्या सकाळी खिडकीतून ओरडली,
"मॅंडी, तुला काय आणून देऊ?"
म्हटलं, काही नको, सगळं आहे.
होतंच सगळं.
सात किलो पीठ, डब्यात तूरडाळ,
आणि रात्री फोनवर निहारला द्यायचा एक शब्द: मजेत.
तो इतका वापरला की जुन्या पंचासारखा विरला,
त्याला पलीकडचं दिसत असणार,
पण तोही मजेतच म्हणायचा.

एकदा तिनं परसातला ऱ्हुबार्ब
माझ्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला
आणि मागे सरकली,
दोन पावलं, मग आणखी दोन.
मी जाऊन उचलला.
उचलताना हाताला कळलं,
हे आपण आधी केलंय.

साखर कारखान्याचं क्वार्टर.
मी तेरा वर्षांची, कोपऱ्यात, वेगळ्या घोंगडीवर.
कावळा शिवला, म्हणायची आत्या,
आणि ताट जमिनीवरून सरकवायची,
बोटाला बोट न लागू देता,
रागानं नाही, सवयीनं.
धाकटा भाऊ विचारायचा, कुठाय कावळा, मला दाखव.
तेव्हाच ठरवलं होतं,
अशा ठिकाणी जाईन जिथं
कुणी कुणाला लांब बस म्हणत नाही.

आता बघा.
अख्ख्या शहराला कावळा शिवलाय.
टेस्कोच्या फरशीवर पिवळे गोल,
ज्यानं त्यानं आपापल्या गोलात उभं राहायचं,
टायवाला मॅनेजरसुद्धा बाहेर बसलेला.
मला हसू आलं,
फ्रोझन मटारांसमोर, एकटीला, मास्कच्या आत.
मग ते थांबेना.
मग ते हसू राहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून रडायला वेळ नेमून दिली,
सव्वाचार ते साडेचार.
एरवी दिवसभर कुठंही गळायला लागायचं,
बेसिनशी, जिन्यात, हवामानाच्या बातम्यांना.
काही दिवस यायचंच नाही.
तरी खुर्चीत बसून राहायची,
ड्युटी म्हणून.

ग्लेनिसला कावळ्याची गोष्ट सांगितली,
रस्त्यापलीकडे, ओरडून.
कुणाचातरी कुत्रा मध्येच भुंकत होता.
"आणि मग?" ती म्हणाली.
मग चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं,
की घरभर हिंडायला मोकळी.
ती जरा गप्प झाली.
"आपला चौथा कधी?"
रेघेबाहेर राहून आपला म्हणाली.
मी उत्तर न देता आत आले
आणि भांडी घासली, घासलेलीच.

रेघ पुसल्याची बातमी आली.
मी न्हायले. शिकेकाई कुठली,
निहारचा उरलेला शाम्पू.
केस ओलेच, चपला घातल्या, फाटक उघडलं.
ग्लेनिस समोर दारात, हातात दोन कप.
मॅनहोलच्या झाकणापर्यंत गेले
आणि पाऊल पुढे पडेना.
अडवलं कुणीच नव्हतं.
पोस्टमन वळसा घालून गेला, सॉरी म्हणाला.

ती ये म्हणाली नाही.
कप पायरीवर ठेवले,
आतून खुर्ची ओढत आणली,
फुटपाथवर, मग रस्त्याच्या कडेला,
आणि बसली.
माझा कप खाली ठेवला नाही,
सरकवला नाही.
हातात धरून, हात लांब करून राहिली.
चहा निवत गेला.
तिनं हात मागे घेतला नाही.