रकाना क्रमांक सात

'प्रशिक्षण कोठे घेतले?' विचारतो अर्ज,
आणि उत्तराला जागा देतो दीड बोटाची.

देवगडात, लिहिते. मग खोडते.
देवगड ही काही संस्था नव्हे.

बर्फाच्या कारखान्यासमोर, पहिल्या माळ्यावर,
डॉक्टर बांदिवडेकरांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला
एकोणीस वर्षं उभी आहे मी.
आता पत्र आलंय: नोंदणी नसेल
तर तिथे उभं राहता येणार नाही.

खलाशाचा दात ठणकायला लागतो दिवाळीत,
आणि तो येतो जूनमध्ये, मासेमारी बंद झाली की.
तोवर लवंग, तंबाखू आणि शिव्या.
"बाय गो, दुखतला काय?" विचारतो मला, डॉक्टरांना नाही,
सहा सिलिंडरच्या बोटीचा तांडेल,
आणि माझ्या ॲप्रनची कड मुठीत धरून ठेवतो.
हे कुठल्या विषयात मोडतं?

सक्शन कुठे टेकवायचं ते जिभांनीच शिकवलं.
दाबली तर उसळते, डबक्यातल्या मासळीसारखी;
नुसतं शेजारी राहावं, निवते आपली आपण.
मापाचं अल्जिनेट कालवायला
आईच्या घावनाचं पीठ कामाला आलं:
मे महिन्यात पाणी गार, हात भरभर,
गुठळी राहिली की कवळी बसायची नाही.
वापरलेल्या सुईचं टोपण एकाच हाताने,
ट्रेमध्येच, अलगद उचलायचं,
दुसरा हात पाठीमागे.
हे मात्र माझ्या अंगठ्याने शिकवलं,
आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत काढलेल्या
तीन महिन्यांनी.

तळेबाजारची सुगंधा चिडली.
म्हणाली, इतकी वर्षं चाललं, आताच काय खुपलं?
मी गप्प राहिले.
पहिलं वर्षभर मी हत्यारं उकळायचे
चहाच्या शेजारच्या शेगडीवर, दहा मिनिटं,
तीही अंदाजाने,
कारण आधीची मुलगी तसंच करायची
आणि तिचं लग्न ठरलं होतं, शिकवायला वेळ नव्हता.
त्या वर्षी कोण कोण येऊन गेलं
त्यांची नावं वहीत आहेत.
वही कपाटात आहे. मी ती उघडत नाही.

आता ऑटोक्लेव्ह आहे.
चौदाव्या मिनिटाला वीज जाते, आमच्याकडे ती जातेच,
आणि परत आली की पुन्हा शून्यापासून.
पट्टीवरच्या रेघा अर्ध्यामुर्ध्या काळ्या झालेल्या.
बाहेर चार पेशंट, एक रडणारं पोर,
डॉक्टर आतून विचारतात, झालं का?
नाही, म्हणते मी.
हा एवढा शब्द तोंडातून फुटायला
सात वर्षं लागली. ती कुठे लिहू?

परीक्षा रत्नागिरीत. दोन एस्ट्या बदलून
मिऱ्यावर मावसबहिणीकडे उतरलेय.
बरोबरच्या पोरी विशीतल्या,
त्यांना औषधांची नावं स्पेलिंगसकट पाठ,
मला बाटल्या वासावरून कळतात.
हॉलतिकिटावर त्या सगळ्या हसतायत,
मी ओठ मिटून.

रात्री दिवा घालवून दातांचे आकडे घोकते,
जीभ एकेकावर टेकवत.
वरचा उजवा जबडा झाला, वरचा डावा झाला,
खालचा डावाही बिनचूक.
मग शेवटची बाजू:
चार-चार, चार-पाच,
चार-सहा.

इथे जीभ खाली हिरडीवर उतरते.
कुणकेश्वरच्या जत्रेत, मी चौदा वर्षांची असताना,
गोणपाटावर पक्कड मांडून बसलेल्या एका माणसाने
वीस रुपयांत उपटला होता.
बाबांनी फक्त भाव केला.
बाकी त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

चार-सात.