नाव कमी केले

जुन्या दाखल्यासाठी कपाट उघडलं,
तर वाळवीनं खाल्लेल्या हजेरीपुस्तकात
आत्या सापडली.
इयत्ता चौथी. अंबव्वा नरसय्या कोंगारी.
बापाचा धंदा : गिरणीत साचेवाला.
शेवटच्या रकान्यात फादर रेबेलोंचं तिरकं अक्षर :
'नाव कमी केले. विड्या वळते.'

तेव्हा शाळा म्हणजे चर्चमागची पत्र्याची शेड
आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा.
गिरणीचा भोंगा झाला की फादर तो वाजवायचे,
भोंग्याआधी कधीच नाही.
आत्या सांगायची,
प्रार्थना मराठी, आम्ही तेलुगूत पुटपुटायचो,
देवाला कळायची, सिस्टरला नाही.

पत्र्याची कौलं झाली, कौलांचा स्लॅब.
दहावी आली, खूप उशिरानं बारावी.
भोंगा कायमचा बंद पडला
त्याच साली विद्यापीठाचा कागद आला.
प्रयोगशाळेचा पाया खणताना
दोन फुटांवर काळा खडक लागला,
सुरुंगानं चर्चची एक काच तडकली.
अजून तशीच आहे, चिकटपट्टी लावलेली.

मी खिडकी नंबर दोनवर बसते,
बी.एस्सी.चे अर्ज घेते.
आज एक मुलगी आली विडी घरकुलातली,
बोटांना तंबाखूचा वास.
'आईचा व्यवसाय' पाशी तिचं पेन अडलं.
लिही गं, म्हटलं, आहे तेच लिही.

तिनं लिहिलं.
मी शिक्का मारला, जरा जास्तच जोरात,
रांगेतलं कुणीतरी हसलं.

हजेरीपुस्तक अजून टेबलावरच आहे.
वाळवीची माती झटकायची राहिलीय.