मिरजेत, पोपट घेताना

कुंभोजकर विचारतो, घरात काय चालतं?
तंबोरे, म्हटलं. आढ्याला भोपळे टांगलेत.
मग कॉन्युअर नको,
त्याच्या कालव्यात जवारी ऐकू यायची नाही.
लव्हबर्ड? त्याची चोच लाकूडच हुडकते.

रुकय्याचं बोट राखाडी आफ्रिकनवर.
ऐकलेलं विसरत नाही, पन्नास वर्षं जगतो.
मी दचकलो.
अर्धा लागलेला सा उचलेल हा,
आणि माझ्या मागं
तिच्या पोरांना तसाच ऐकवत बसेल.

शेवटी एक बजी. निळा, मुठीएवढा.
पिंजरा मागच्या पडवीत.

चार दिवस गप्प.
आज खर्ज छेडला
तर राळ्याचा दाणा टाकून
मान तिरकी केली त्यानं,

दर ठरवण्याआधी
गिऱ्हाईक करतं तशी.