बासष्ट टक्के

बुधवारी रात्रीच सुरू करायचं ठरवलं होतं,
कारण गुरुवारी धनकवडीत लाईट जाते.
पण बुधवारी रात्री गोवंडे सरांचा फोन आला,
प्रबंधाचं चौथं प्रकरण पुन्हा बदललं होतं.
म्हणून मग गुरुवार. सकाळी सव्वासहा.

आधी धूळ.
कॅबिनेटला डावी बाजू नाहीच,
कॅलेंडरचा पुठ्ठा दोऱ्यानं बांधलेला असतो, तो सोडला.
पंख्यात झेंडूची एक पाकळी,
कुठल्या दसऱ्याची, कोण जाणे.
बोर्डाच्या कडेला कुंकवाचे कण.
दरवर्षी कात्री, स्टेपलर आणि हा
एकाच पाटावर पुजते मी.
ब्रश फिरवला. कुंकू राहू दिलं.

नव्या सिस्टीमनं आठवडाभर आधीच कळवलं होतं:
तुमचा संगणक पात्र नाही.
पात्र!
एवढं तोंडावर तर मला बघायला आलेल्या
सांगलीच्या मंडळींनीही सांगितलं नव्हतं.
त्यांनी निदान पोहे संपवले,
घरी जाऊन पत्र टाकलं.

वरच्या मजल्यावरचा शार्दूल म्हणाला, काकू, नवा घ्या ना.
मी म्हटलं, अरे, हा मी केलाय.
यावर तो काही बोलला नाही.
संध्याकाळी पेन ड्राइव्ह आणून दिला;
पत्रिका बघायचं कलमच काढून टाकलंय म्हणाला.
सोबत चिठ्ठी: मध्येच बंद करू नका. काहीही झालं तरी.

बारा टक्के. एकोणतीस.
कणीक मळून झाली तेव्हा अठ्ठेचाळीस.
बासष्टला डोक्यावरचा पंखा मंदावला, थांबला.
नऊ वाजून दोन मिनिटं.
महावितरण, कधी नव्हे ते, वेळेवर.

यूपीएस ओरडू लागला.
नवा होता तेव्हा वीस मिनिटं टिकायचा, आता सात-आठ.
मी मॉनिटर बंद केला, तेवढीच वीज वाचेल.
आता टक्के दिसेनात.
टेबलाखाली बसले, कॅबिनेटला कान लावून.
आत डिस्क खरखरायची, थांबायची, पुन्हा खरखरायची.
पेपर तपासणाऱ्याचं पेन असंच वाजतं.
खालून भंगारवाला ओरडत गेला.
मेल्याला हीच वेळ मिळाली.

बीप सलग झाला तेव्हा गॅलरीत धावले, हाक मारली.
शार्दूलची आई चारुशीला, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली,
तिनं इन्व्हर्टरला लावून एक्स्टेंशन खाली सोडली,
भाजीवाल्याला टोपली सोडतात तशी.
पिवळी वायर माझ्याच वाळत घातलेल्या परकराला अडकली.
सोडवली. पिन बसली. आवाज थांबला.
मॉनिटर लावला.
बासष्ट.
अजून बासष्टच.
मी पोळ्या करायला गेले नाही. उभी राहिले.
त्रेसष्ट.

साडेअकराला नवा पडदा, गोड आवाज, नमस्कार.
सगळं गुळगुळीत, खिडक्यांचे कोपरेसुद्धा गोल.
सगळ्यात जुनी फाईल उघडली, दोन हजार नऊची.
जुना फाँट नव्या घरात आलाच नव्हता.
मराठीच्या जागी डॉलर, महिरपी कंस,
उलटं प्रश्नचिन्ह, टोपी घातलेला ए.
शार्दूल खाली आला होता. म्हणाला, गेलं, काकू.

मी कीबोर्डवर बोटं ठेवली, न दाबता.
डॉलर म्हणजे… ळ.
हा कंस, पोटफोड्या ष.
टोपीवाला ए कुणाच्या तरी डोक्यावरचा रफार.
बोटांना सगळं पाठ होतं,
मी नुसती त्यांच्या मागून वाचत गेले:

रॅम एक. पंखे दोन.
स्क्रू सुटे, मूठभर.
कॅबिनेट, डावी बाजू नाही म्हणून निम्म्यात.
तापकीर गल्ली, मुनीर तांबोळी.
उधार साडेतीनशे.

साडेतीनशे.
दिले होते का मी?

अरे शार्दूल, आज गुरुवार,
गल्ली उघडी असेल ना?